व्यक्तिचित्रासाठी भिंग कोणते घ्यावे?

श्रोतेहो, काही वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या आत्यांचे सहस्रचंद्रदर्शन इंदुरास झाले. राजवाड्यामागच्या गल्लीतील त्यांचे जुने घर त्या दिवशी माणसांनी फुलून गेले होते. औक्षण झाले, लेकी-सुनांनी ओट्या भरल्या, नातवंडे पाया पडली. आत्यांचा एक नातू नुकताच नवा कॅमेरा घेऊन आला होता. त्याने आजीला मधल्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीवर बसविले आणि अगदी जवळ जाऊन, मोठ्या प्रेमाने, दहा-बारा छायाचित्रे टिपली. कॅमेरा चांगला होता, खिडकीतला उजेड मऊ होता, आत्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते. कॅमेऱ्याच्या पाठीवरील इवल्या पडद्यावर ती चित्रे पाहून आम्ही सर्वांनी त्याची वाहवा केली.

पुढच्याच वर्षी आत्या गेल्या. भिंतीवर लावण्यासाठी त्या दिवशीचेच एक छायाचित्र मोठे करून आणले. तेराव्याला ते पाटावर ठेवून त्याला हार घातला, तेव्हा धाकट्या आत्या बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या आणि हलकेच म्हणाल्या, ‘ही अक्का नव्हे रे. अक्काचं नाक असं कुठं होतं?’

मग ते साऱ्यांच्याच ध्यानात आले. नाक फुगल्यासारखे दिसत होते, कपाळ पुढे झुकले होते, कान गालांच्या आड गेले होते. साठ वर्षांपूर्वी लग्नाच्या वेळी एका स्टुडिओत काढलेले, कडा पिवळ्या पडलेले छायाचित्र शेजारीच होते. त्यातला चेहरा वीस वर्षांच्या मुलीचा. तरीही आत्यांची ओळख पटत होती ती त्यातच. नातवाच्या मनाला ही गोष्ट फार लागली. त्याने मला विचारले, ‘काका, मी भिंग चुकीचं वापरलं का? व्यक्तिचित्रासाठी कोणतं भिंग घ्यायला हवं होतं?’

त्याच्या प्रश्नाला मी जे उत्तर दिले तेच आज आपणापुढे थोडे विस्ताराने मांडणार आहे. उत्तराचे सार आरंभीच सांगून टाकतो. चेहऱ्याची ठेवण भिंग बिघडवीत नाही आणि भिंग सुधारीतही नाही. ती ठरते आपण माणसापासून किती दूर उभे आहोत यावर. म्हणून आधी अंतर ठरवावे. भिंगाची निवड त्यामागून आपोआप होते.

हे पटण्यासाठी घरच्या घरी एक प्रयोग करून पाहा. सारख्या आकाराची दोन लिंबे घ्या. एक टेबलाच्या कडेशी ठेवा, दुसरे त्याच्या मागे पाच इंचांवर, किंचित बाजूला. आता एक डोळा मिटून, दुसरा डोळा पुढच्या लिंबापासून एक फुटावर आणून पाहा. मागचे लिंबू डोळ्यापासून सतरा इंचांवर आहे, पुढचे बारा इंचांवर. म्हणून पुढचे लिंबू मागच्याहून जवळजवळ दीडपट मोठे भासेल. मग पाच फूट मागे सरा. आता एक लिंबू साठ इंचांवर, दुसरे पासष्ट इंचांवर. दोन्ही जवळपास सारखी दिसू लागतील. लिंबे तीच, डोळा तोच. बदलले ते केवळ अंतर. चित्रकार ज्याला यथार्थदर्शन म्हणतात ते एवढ्या एका प्रयोगात सामावलेले आहे.

मनुष्याच्या चेहऱ्यातही हेच घडते. नाकाचे टोक कानांच्या पुढे सुमारे १२ सेंटिमीटर असते. नाकापासून ४८ सेंटिमीटरवर, म्हणजे दीड फुटावर कॅमेरा धरला, तर कान ६० सेंटिमीटरवर राहतात. साहजिकच कानांच्या मानाने नाक सव्वापट मोठे उमटते. दीड मीटरवर, म्हणजे सुमारे पाच फुटांवर, तोच फरक शेकडा आठ इतका उतरतो. तीन मीटरवर तो शेकडा चार होतो. म्हणजे पहिल्या काही फुटांत फरक झपाट्याने कमी होतो आणि नंतर फारच संथपणे. २०१८ साली अमेरिकेतील चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेस वाहिलेल्या एका वैद्यकीय नियतकालिकात या विषयावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ इंचांवरून स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढले असता नाक सुमारे ३० टक्के अधिक रुंद भासते, आणि ५ फुटांवर हा दोष जवळजवळ नाहीसा होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. हातातल्या फोनवर दिसणाऱ्या आपल्या नाकाला कंटाळून शस्त्रवैद्याकडे जाणारे तरुण-तरुणी वाढले, म्हणून हा हिशेब करण्याची वेळ आली.

मग पाच-सहा फूट हेच अंतर चांगले का? त्याचे कारण भिंगाच्या शास्त्रात नाही, आपल्या रोजच्या व्यवहारात आहे. आपल्या माणसाचा चेहरा आपण जन्मभर पाहतो तो ओसरीवर समोरासमोर बसून, जेवणाच्या पंगतीत, दाराशी उभे राहून बोलताना. हे बोलण्याचे अंतर चार ते सात फुटांचे असते. मनात जो चेहरा साठवला जातो तो त्या अंतरावरचा. दीड फुटावरून आपण फक्त तान्ह्या मुलाला पाहतो, किंवा डॉक्टर रुग्णाचे डोळे तपासतात तेव्हा पाहतात. धाकट्या आत्यांनी आपल्या बहिणीला सत्तर वर्षे पाहिले, पण दीड फुटावरून एक डोळा मिटून कधीच पाहिले नव्हते. म्हणून ते चित्र खरे असूनही त्यांना खोटे वाटले.

आता प्रश्न येतो की भिंगाचे काम काय? भिंगाचे काम, आपण ठरविलेल्या अंतरावरून चौकट हवी तेवढी भरून देणे, हे. प्रत्येक भिंगावर एक आकडा कोरलेला असतो: २४, ३५, ५०, ८५, १३५ मिलिमीटर. हे त्याचे नाभीय अंतर. आकडा लहान, तर भिंगाची नजर रुंद आणि वस्तू लहान. आकडा मोठा, तर नजर अरुंद आणि वस्तू मोठी. १९२५ साली जर्मनीत लायका कॅमेरा बाजारात आला आणि ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद ही फिल्मची चौकट त्याच्यामुळे रूढ झाली. आज फिल्मच्या जागी विजेवर चालणारा संवेदक आला, तरी उत्तम कॅमेऱ्यांत तीच चौकट कायम आहे. तिला आज ‘फुल फ्रेम’ म्हणतात. आपण तिला मोठी चौकट म्हणू.

या मोठ्या चौकटीसाठी एक सोपा हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कॅमेरा उभा धरून डोके, खांदे आणि छातीचा थोडा भाग, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर उंचीचे दृश्य चौकटीत भरायचे असेल, तर नाभीय अंतराच्या सुमारे १८ पट दूर उभे राहावे लागते. २४ च्या भिंगाला हे अंतर जेमतेम दीड फूट येते, ३५ च्या भिंगाला दोन फूट, ५० च्या भिंगाला तीन फूट. ८५ ला ते पाच फूट होते, १०५ ला सहा फूट, १३५ ला आठ फुटांच्या आत-बाहेर, आणि २०० ला साडेअकरा फूट. व्यक्तिचित्राचे भिंग म्हणून ८५ आणि १०५ यांचा लौकिक का झाला, हे आता निराळे सांगावयास नको. त्या आकड्यांत काही जादू नाही. ते भिंग लावले की छायाचित्रकाराला चौकट जुळविण्यासाठी आपोआप बोलण्याच्या अंतरावर जाऊन उभे राहावे लागते, इतकेच.

पुष्कळ नव्या कॅमेऱ्यांतील संवेदक मात्र याहून लहान, सुमारे २४ मिलिमीटर लांब आणि १६ मिलिमीटर रुंद असतो. त्याला ‘एपीएस-सी’ म्हणतात. लहान चौकट लवकर भरते, म्हणून तेथे १८ पटींऐवजी सव्वीस-सत्तावीस पट दूर जावे लागते. साहजिकच अशा कॅमेऱ्यावर ५० किंवा ५६ मिलिमीटरचे भिंग ते काम करते जे मोठ्या चौकटीवर ८५ चे भिंग करते. दुकानात जाण्यापूर्वी आपल्या कॅमेऱ्याची चौकट कोणती हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे. ते न पाहता, मित्राने घेतले म्हणून ८५ चे भिंग लहान चौकटीसाठी घेतले, तर साडेसात फूट मागे सरावे लागते आणि दहा फुटांच्या खोलीत पाठ भिंतीला टेकते.

व्यक्तिचित्राच्या भिंगाचा इतिहास छायाचित्रणाच्या कलेइतकाच जुना आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली. त्या वेळची भिंगे इतका थोडा उजेड आत घेत की माणसाला उन्हात कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी चिमटा लावीत. व्हिएन्ना विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल यांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांनी तोफखान्यातील आकडेमोडीत निष्णात असलेल्या सैनिकांचे साह्य घेतले आणि १८४० साली चार काचांचे एक नवे भिंग गणिताने सिद्ध केले. फोइग्टलेंडर यांच्या कारखान्यात ते तयार झाले. आधीच्या भिंगांहून ते सुमारे १६ पट अधिक उजेड आत घेई, त्यामुळे मिनिटांचे काम सेकंदांवर आले. छायाचित्रणासाठी मुद्दाम गणित करून रचलेले हे पहिले महत्त्वाचे भिंग. ते निसर्गदृश्यासाठी अगर इमारतींसाठी नव्हते, माणसाच्या चेहऱ्यासाठी होते, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. त्याच्या मध्यभागी प्रतिमा रेखीव उमटे आणि कडांकडे ती मऊ होत जाई. इमारतीच्या चित्रात हा दोष ठरला असता. चेहऱ्याच्या चित्रात तो गुण ठरला.

आपल्या प्रदेशातही ही कला लवकर रुजली. लाला दीनदयाळ हे रुडकीस शिकलेले अभियंते इंदुरास सरकारी नोकरीत असताना १८७४ च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळले. पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि १८९४ साली ‘राजा’ हा किताब दिला. सिकंदराबादेस आणि मुंबईस त्यांचे स्टुडिओ होते. त्या काळी प्रतिमा काचेच्या मोठ्या पत्र्यावर उमटवीत. पत्रा मोठा, म्हणून भिंगाचे नाभीय अंतरही लांब, आणि तीन पायांच्या घोडीवरचा तो अवजड पेटारा माणसाच्या नाकाशी नेणे शक्यच नसे. आमच्या आत्यांच्या लग्नाचे चित्र ज्या स्टुडिओत निघाले तेथेही कॅमेरा खोलीच्या एका टोकाला आणि वधूवर दुसऱ्या टोकाला, अशीच मांडणी होती. त्या छायाचित्रकाराने अंतराचे गणित केले असेल असे नाही. त्याच्या साधनानेच त्याला योग्य जागी उभे केले. आज साधन हलके झाले, हातात मावू लागले, कोठेही नेता येऊ लागले. म्हणून जी गोष्ट पूर्वी आपोआप घडे ती आता समजून-उमजून करावी लागते.

लायका आल्यावर तिच्यासाठी १९३१ साली ९० मिलिमीटरचे भिंग निघाले. जपानच्या निकॉन कंपनीचे १०५ मिलिमीटरचे भिंग १९५० च्या दशकात आले आणि पुढे कित्येक दशके वृत्तछायाचित्रकारांच्या पिशवीत राहिले. पाकिस्तानातील निर्वासितांच्या छावणीत १९८४ साली स्टीव्ह मॅककरी यांनी एका हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचे चित्र घेतले, आणि ते जून १९८५ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावर झळकले. ते घेतले होते याच १०५ च्या भिंगाने.

भिंगावर आणखी एक आकडा असतो: एफ १.८, एफ २.५, एफ ४. याचा अर्थ पुष्कळांना गूढ वाटतो, पण तो सरळ भागाकार आहे. नाभीय अंतराला या आकड्याने भागले की भिंगाची खिडकी किती रुंद उघडते ते कळते. ८५ ला १.८ ने भागले तर ४७ मिलिमीटर. ५० ला १.८ ने भागले तर २८. कॅमेऱ्याबरोबर मिळणारे साधे १८ ते ५५ मिलिमीटरचे झूम भिंग ५५ वर लावले असता एफ ५.६ पर्यंतच उघडते, म्हणजे त्याची खिडकी अवघी १० मिलिमीटरची. चेहऱ्यामागची दूरची झाडे, दिवे, माणसे किती विरघळतील, हे सर्वस्वी या खिडकीच्या रुंदीवर अवलंबून असते. दूरवरच्या दिव्याचा एक ठिपका चेहऱ्याच्या जागी मोजला तर जवळजवळ खिडकीएवढाच मोठा होऊन पसरतो. ४७ मिलिमीटरची खिडकी असेल तर तो डोळ्याहून मोठा दिसेल. १० मिलिमीटरची असेल तर शर्टाच्या गुंडीएवढा. पार्श्वभूमी विरघळण्याचे सारे रहस्य एवढेच आहे.

परंतु खिडकी रुंद उघडली म्हणजे सर्व साधले असे मानू नये. ८५ चे भिंग एफ १.८ वर ठेवून पाच फुटांवरून चेहरा टिपला, तर रेखीव दिसणारा पट्टा सगळा मिळून साडेतीन सेंटिमीटर खोल असतो. डोळा नीट जुळविला तर नाकाचे टोक त्या पट्ट्याबाहेर पडू लागते आणि कान तर पुरतेच विरतात. माणसाने किंचित मान कलती केली की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर. एफ ४ वर हा पट्टा साडेसात सेंटिमीटर होतो, एफ ५.६ वर साडेदहा. म्हणून मी नवशिक्यांना सांगतो की भिंग एफ १.८ चे घ्यावे, पण घरातील वडीलधाऱ्यांचे चित्र काढताना उजेड पुरत असेल तर ते एफ ४ च्या आसपास ठेवावे, आणि कॅमेऱ्याच्या जवळचा डोळा नेमका जुळवावा. चित्र पाहणारा सर्वप्रथम डोळे पाहतो. डोळे स्पष्ट असतील तर इतर उणिवा खपून जातात; डोळे धूसर असतील तर बाकीचे कितीही चांगले असो, ते वाया जाते.

येथपर्यंत चेहऱ्यापुरते बोललो. परंतु माणूस म्हणजे केवळ चेहरा नव्हे. चाकाशी बसलेला कुंभार, यंत्रावर वाकलेला शिंपी, पोथीपुढे बसलेले आजोबा यांची चित्रे घेताना त्यांचे हात, त्यांची साधने, त्यांची जागा हीदेखील व्यक्तिचित्राचाच भाग असतात. अशा वेळी ८५ चे भिंग अपुरे पडते, कारण पाच फुटांवरून ते खांद्याखाली जातच नाही. पूर्ण उभा माणूस सभोवती थोडी जागा ठेवून त्यात घ्यायचा तर सोळा फूट मागे जावे लागेल. येथे ५० किंवा ३५ चे भिंग उपयोगी पडते, मात्र अंतराचा नियम न मोडता. सहा फुटांवर उभे राहिलात तर उभ्या चौकटीत ५० चे भिंग सुमारे सव्वा मीटर उंचीचे दृश्य घेते आणि ३५ चे सुमारे एक मीटर ऐंशी सेंटिमीटरचे. अंतर तेच राहिल्यामुळे चेहऱ्याची ठेवण तीच राहते. चौकट तेवढी मोठी होते. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपले बहुतेक काम ५० मिलिमीटरच्या भिंगावर केले, आणि त्यांच्या व्यक्तिचित्रांत माणसाची खोलीही बोलते.

उलट टोकाला, फार लांब जाण्यातही एक तोटा आहे. २०० चे भिंग घेऊन साडेअकरा फुटांवर उभे राहिले की चेहरा थोडा सपाट दिसू लागतो. काही चेहऱ्यांना ते शोभते, किडकिडीत चेहरा भरल्यासारखा वाटतो. पण त्याहून मोठा तोटा असा की तेवढ्या अंतरावरून सहज बोलता येत नाही. ओरडून ‘जरा हसा’ म्हटले की जे हसू येते ते कॅमेऱ्यासाठी असते, आपल्यासाठी नसते.

आता प्रत्यक्ष खरेदीविषयी. माझा पहिला सल्ला ऐकून दुकानदार कदाचित नाराज होतील. काही विकत घेण्यापूर्वी आपल्यापाशी आहे ते भिंग नीट वापरून पाहा. त्या नातवाचा कॅमेरा मी हातात घेऊन पाहिला. लहान चौकटीचा होता आणि त्यावर बरोबर मिळालेले १८ ते ५५ चेच झूम भिंग होते. त्याने ते १८ वर ठेवले होते. त्यामुळे चौकट भरण्यासाठी त्याला दीड फुटापर्यंत जावे लागले. तेच कडे फिरवून ५५ वर आणले असते आणि तो पाच फूट मागे सरला असता, तर चौकटीत तेवढेच दृश्य आले असते आणि चेहरा आत्यांचा आला असता. खोली दहा फूट रुंद, बारा फूट लांब होती, जागा होती. म्हणजे भिंग चुकीचे नव्हते. तीन-साडेतीन फूट चुकले होते.

त्याउपर नवे भिंग घ्यावेसे वाटले, तर लहान चौकटीसाठी ५० चे आणि मोठ्या चौकटीसाठी ८५ चे, एफ १.८ चे घ्यावे. बहुतेक कंपन्यांच्या भिंगांत ही दोन त्यातल्या त्यात परवडणारी असतात आणि प्रतिमा उत्तम देतात. एफ १.४ च्या भिंगात उजेड एफ १.८ च्या सुमारे दीडपट येतो, पण किंमत कित्येकदा दुपटीहून अधिक असते आणि वजनही वाढते. अतिरेखीवपणाच्या मागे लागू नये. चेहऱ्यावरचे प्रत्येक छिद्र मोजता यावे अशी कोणत्याही आजीची इच्छा नसते.

जुनी, हाताने जुळवायची भिंगे स्वस्तात मिळतात, आणि नव्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांवर जोडकडे लावून ती वापरताही येतात. पण घेण्यापूर्वी भिंग उजेडासमोर धरून आतून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी समजावी आणि भिंग परत करावे. गोव्यात, कोकणपट्टीत, बेळगावाकडच्या पावसाळी मुलखात ही बुरशी नव्या भिंगालाही लागते. चामड्याच्या पेटीत कपाटाच्या तळाशी ठेवलेले भिंग दोन पावसाळ्यांत निकामी झालेले मी पाहिले आहे. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून भिंग त्यात ठेवावे, आणि मधूनमधून बाहेर काढून वापरावे. वापर हाच भिंगाचा उत्तम सांभाळ.

ज्यांच्यापाशी केवळ फोन आहे त्यांनीही निराश होऊ नये. फोनच्या मुख्य भिंगाची नजर मोठ्या चौकटीवरील २४ ते २८ च्या भिंगाइतकी रुंद असते, आणि म्हणूनच ते आपल्याला चेहऱ्याच्या अगदी जवळ ओढून नेते. त्याला बळी पडू नये; पाच फूट मागे उभे राहावे. मग चेहरा चौकटीत लहान दिसेल. नंतर कातरून मोठा केला, तर एक कोटी वीस लाख बिंदूंच्या चित्रातील जेमतेम दहा-अकरा लाख बिंदू उरतात. लहान आकाराच्या प्रतीला ते पुरतात, भिंतीवरच्या चित्राला पुरत नाहीत. म्हणून फोनवर दुप्पट अगर तिप्पट जवळ आणणारे दुसरे भिंग असेल तर व्यक्तिचित्रासाठी तेच वापरावे. आणि एक सावधगिरी बाळगावी. पार्श्वभूमी धूसर करून देणारी जी सोय फोनमध्ये असते, ती हिशेबाने केलेली रंगसफेदी आहे. ती मागचे झाड पुसून टाकील. जवळून टिपल्यामुळे मोठे झालेले नाक तिला मूळपदावर आणता येत नाही.

श्रोतेहो, आपण भिंगावर हजारो रुपये खर्च करतो. त्याआधी पाच फूट लांबीची एक सुतळी कापून घ्या आणि कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवा. पहिल्या काही वेळा तिचे एक टोक बसलेल्या माणसाच्या हाती द्या, दुसरे आपल्या हाती धरा, आणि सुतळी ताणली जाईल तेथे उभे राहा. मग हिच्यावरून चौकट भरील असे भिंग कोणते, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर आकडेमोडीने मिळते. थोड्याच दिवसांत पायांना ते अंतर पाठ होईल आणि सुतळीची गरज उरणार नाही.

गेल्या दिवाळीत मी इंदुरास गेलो होतो. नातवाने धाकट्या आत्यांना त्याच खिडकीपाशी बसविले. भिंग तेच जुने होते. त्याने कडे ५५ वर फिरविले आणि तो मागे सरत सरत दारापर्यंत गेला. तेथून तो त्यांच्याशी गप्पा मारू लागला, लहानपणी त्यांनी त्याच्यापासून लपवून ठेवलेल्या अनारशांच्या डब्याची आठवण काढली, आणि त्या हसता हसता काही बोलणार तेवढ्यात त्याने चित्र टिपले. त्याची प्रत पोस्टकार्डाएवढी करून त्याने त्यांच्या हाती दिली. चष्मा पुसून त्यांनी ती पाहिली आणि म्हणाल्या, ‘हं. ही मी.’

प्रत्येक घरात असे एखादे माणूस असते की ज्याचे चांगले छायाचित्र घ्यायचे राहून गेलेले असते. ते आज, या आठवड्यात घ्या. नव्या भिंगाची वाट पाहू नका. पाच फूट मागे सरा, आणि आधी दोन शब्द बोला.